शेफील्डला लेकीकडे चाललोय, गाडीशिवाय रानावनात कुठे भटकता येईल?

ओझरकर_निवृत्त

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्याला मी आणि सौ. शेफील्डला लेकीकडे जातोय, मुक्काम ऑगस्टअखेरपर्यंत. लेक-जावई दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार घरात आम्ही दोघंच. लेकीने आत्ताच लंडन, मँचेस्टर आणि दोन-तीन मॉल अशी यादी धाडली आहे. मॉल बघायला मला नाशिकचं सिटी सेंटर काय वाईट आहे?

मला डोंगर-शेतांतून चालायचं आहे. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पहाटे पांडवलेणी हा नेम, पावसाळ्यात अंजनेरी-ब्रह्मगिरी. सौ. सपाटीला सहा-सात किलोमीटर आरामात चालते, पण उजवा गुडघा उतरताना बोलतो. तिकडे गाडी चालवायची माझी तयारी नाही. शेतांतून पायवाटा असतात असं ऐकलंय, पण परमुलखात कुणाच्या रानात शिरायचं आणि मालकाने हटकलं तर काय सांगायचं? आणि आम्ही अंडंही खात नाही, तेही लक्षात घ्या.

भटक्या_गंगापूररोड

काका, शेफील्डला लागून पीक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथला सगळ्यात उंच डोंगर किंडर स्काउट, उंची फक्त ६३६ मीटर. आपलं कळसूबाई १६४६! तुम्ही अंजनेरीवाले, चपला घालून जाऊन याल. डोंगरच हवेत तर सरळ स्कॉटलंड गाठा.

देवळालीकॅम्पची_वाटसरू

भाऊ, शेफील्ड मिळालं म्हणजे नशीब काढलंत. माझा मुलगा तिथे बरीच वर्षं आहे. उन्हाळ्यात मी जाऊन राहते आणि बस-रेल्वेनेच हिंडते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी वरच्या भटक्याचा समाचार. बाळा, आपलं नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे किंडरचा माथा आणि शालिमार चौक जवळपास एकाच पातळीला. पण आकड्यावर जाऊ नकोस. अंजनेरीवर ढग उतरले तरी कडा कुठे आणि पायऱ्या कुठे ते पायाला कळतं. किंडरचा माथा म्हणजे नजर पोचेल तिथवर पठार, पीट नावाची काळी, ओली, पाय ओढून घेणारी माती, आणि त्यात पाण्याने कोरलेल्या माणूसभर खोल घळी. एका घळीतून चढून वर आलं की समोर तशीच दुसरी. धुक्यात ओळखीची एक खूण सापडत नाही. वारा तर जूनमध्येसुद्धा दात वाजवतो. चपलावाल्यांना शोधून आणायला तिथे माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक असतात (९९९ लावून पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं), पण लोकांना रात्रीबेरात्री कामाला लावायची हौस कशाला?

तरी भाऊ, किंडरच्या पायथ्याला जाच. तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला तिथली गोष्ट आवडेल. हे सगळे माळ पूर्वी बड्या जमीनदारांचे, ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेले. रविवारी गिरण्या-कारखान्यांतून सुटलेल्या माणसांना तिथे पाय ठेवायची बंदी. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण, बहुतेक मँचेस्टरकडचे, ठरवून आत घुसले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला. पायथ्याचं गाव ईडेल. शेफील्डहून लोकल गाडी अर्ध्या-पाऊण तासात सोडते. वाटेत साडेतीन मैलांचा टॉटली बोगदा लागतो, १८९३ चा. शहरातून आत शिरता आणि बाहेर पडता ते ओकच्या झाडीत. कसाऱ्याचा घाट रेल्वेने उतरलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटू नये, पण मला दर वेळी वाटतं.

आता वाटांचं. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता असतो ना, तसंच. फक्त आपल्याकडे त्यासाठी तहसीलदाराकडे खेटे घालावे लागतात आणि हक्क लागतो शेजारच्या गटवाल्याला. तिथे ती वाट सरकारी नकाशात नोंदलेली असते आणि जगातल्या कुठल्याही माणसाला खुली. ऑर्डनन्स सर्व्हेचे नारिंगी कव्हरचे एक्स्प्लोरर नकाशे घ्या, १:२५,००० चे. शेफील्डवरून दोन पुरतात: ओएल १ डार्क पीक, ओएल २४ व्हाइट पीक. त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायचे हक्काचे रस्ते. प्रत्यक्ष जागेवर खांबावर पिवळा बाण असला की पायी, निळा असला की पायी, घोडा आणि सायकल तिन्ही. मालक भेटलाच तर ‘मॉर्निंग’ म्हणतो आणि पावसाबद्दल दोन वाक्यं बोलतो. हटकत नाही. एकच पथ्य: फाटक जसं होतं तसं ठेवा. लावलेलं असेल तर लावा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. मेंढ्या पाण्यावर जाव्यात म्हणूनही ते उघडं ठेवलेलं असतं.

वहिनींच्या गुडघ्याला धोका चढाचा कमी, स्टाइलचा जास्त. म्हणजे बांध ओलांडायची सोय. शेतांना छातीएवढ्या उंच, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती. त्यात तीन-चार लांब दगड पायरीसारखे बाहेर काढलेले. चढून वर जायचं, माथ्यावर वळायचं, आणि पलीकडे पाठमोरं उतरायचं. ती शेवटची पायरी गुडघ्याचं सगळं वसूल करते, त्यात दगड ओला असला तर बघायलाच नको. दुसरा प्रकार म्हणजे भिंतीत जेमतेम मांडी सरकेल एवढी फट. पाठीवर सॅक असली की ती आधी पलीकडे द्यावी लागते. दोन-अडीच किलोमीटरमध्ये अशा आठ-दहा सहज येतात, आणि नकाशात त्या दिसत नाहीत.

म्हणून वहिनींसाठी मॉन्सल ट्रेल. शेफील्डहून बसने बेकवेलला जायचं. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर साडेआठ मैलांची सपाट वाट केली आहे. स्टाइल एकही नाही. बोगदे २०११ पासून खुले आहेत. ऐन उन्हाळ्यात आत शिरलात की अंगावर शहारा येतो, आणि भिंतींवरून पाणी ठिबकत असतं. पुढे हेडस्टोन पूल, खाली नदी, दोन्हीकडे हिरवा डोंगर. कंटाळा आला की मागे फिरायचं.

दुसरं, फॉक्स हाउसला बसने उतरून लाँगशॉची कुरणं. नॅशनल ट्रस्टची जागा आहे, जवळच चहा मिळतो. तिथून पॅडली गॉर्ज खाली ग्रिंडलफर्ड स्टेशनला उतरते. ओढा, शेवाळलेले ओक, फार देखणं. पण दगड-मुळांचा उतार आहे, वहिनींना वरूनच परत आणा.

मॅम टॉर तुम्ही एकटे करा, ५१७ मीटर. हा डोंगर सारखा सरकतो. त्याच्या अंगावरून गेलेला मोठा रस्ता दुरुस्त करून करून थकले आणि १९७९ मध्ये कायमचा सोडून दिला. डांबराचे थर एकावर एक चढलेले, मधली पांढरी रेघ हातभर खाली गेलेली, असा तो अजून तिथे पडला आहे. माथ्यापेक्षा मला तेच बघायला आवडतं.

खाण्याचं: बेकवेलचं पुडिंग प्रसिद्ध आहे, त्यात अंडं असतं, नमस्कार करून पुढे जा. पबमध्ये जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा, बीन्स-चीज घालून मिळतो. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाकडी जागोजाग आहेत. कचऱ्याची पेटी मात्र रानात नसते, सगळं घरी परत आणायचं.

दिंडोरीचा_बागाईतदार

ताई, वाचूनच बीपी वाढला. माझ्या द्राक्षबागेत पाहुणा शिरला तरी मी आधी त्याचे बूट बघतो. तिथला शेतकरी हे सहन कसं करतो? वाट भर पिकातून गेली तर? आणि मोकळी जनावरं?

देवळालीकॅम्पची_वाटसरू

दादा, सहन करतो कारण कायदा तसा आहे. वाट पिकातून जात असेल तर निदान एक मीटर पट्टा मोकळा ठेवायचा. नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. बांधाकडेची असेल तर नांगरायचीच नाही. आणि लोक वीस वर्षं बिनहरकत चालत राहिले तर नवी वाटसुद्धा हक्काची ठरू शकते, म्हणून काही मालक ‘ही परवानगीची वाट आहे, हक्काची नाही’ अशा पाट्या लावून ठेवतात. तुमच्यासारखेच हुशार.

जनावरांचं विचारलंत ते बरं केलंत. मे-जूनमध्ये गाई वासरांसह कुरणात असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. त्यासाठी वाट सोडली तरी चालते. मी हातात काठी ठेवते आणि धावत नाही. सोबत कुत्रं असेल आणि गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्यायची. ते पळून जातं, आपण वाचतो.

पुणेकर_सध्या_ब्रायटन

लंडनला गेलातच तर एक दिवस सेव्हन सिस्टर्सना द्या. रेल्वेने सीफर्ड, तिथून थोडं चाललं की पांढऱ्या खडूच्या कड्यांची अख्खी रांग समोर दिसते. कडेला बसून फोटो मात्र नको. खडू खालून पोकळ होतो आणि न सांगता ढासळतो.

ओझरकर_निवृत्त

सगळ्यांचे आभार. ताई, सौ.ने वाचलं आणि मॉन्सल ट्रेलवर शिक्का मारला. लेकीची यादी आता तिच्याच घरच्या फ्रिजवर लागेल. दोन शंका: बूट इथून घ्यावेत की तिथे? आणि रेल्वेत ज्येष्ठांना सवलत आहे का? मी त्रेसष्ट, सौ. अठ्ठावन्न.

देवळालीकॅम्पची_वाटसरू

बूट इथेच घ्या, घोट्यापर्यंतचे, आणि जाईपर्यंत रोज तेच घालून पांडवलेणी करा. कोरे बूट घेऊन ईडेलला उतरणाऱ्यांच्या टाचा मी पाहिल्या आहेत. छत्री ठेवा घरी, वाऱ्यापुढे टिकत नाही. टोपीवाला रेनकोट आणि नेहमीच्या पँटवर चढवायची पावसाळी पँट.

सीनियर रेलकार्ड साठीनंतर मिळतं, म्हणजे तुम्हाला मिळेल, वहिनींना नाही. तुम्ही दोघं बरोबरच फिरणार, तर टू टुगेदर कार्ड काढा. एका कार्डात दोघांना तिकिटावर एक तृतीयांश सूट, वयाची अट फक्त सोळा पूर्ण. दोघांचे फोटो लागतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालतं, पण दशम्या करून निघेपर्यंत तेवढे वाजतातच.

आणि मॉन्सल ट्रेलच्या बोगद्यांत दिवे दिवसाउजेडीच असतात. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे अडचण नाही. ऑगस्टअखेर गेलात तर बॅटरी सोबत ठेवा.