मास्टर डार्क: सरासरी की मध्यक?

खगोल-छायाचित्रणात डार्क फ्रेम (कॅमेरा झाकून घेतलेले फोटो) एकत्र करून मास्टर डार्क बनवताना सरासरी घ्यावी की मध्यक (किमती क्रमाने लावल्यावर मधली), असं विचारलंय. माझं मत सिग्मा क्लिपिंग (बाकीच्यांपासून फार दूर असलेल्या किमती आधी वगळणं) लावलेल्या सरासरीला. एखाद्या फ्रेमवर वैश्विक किरण आदळला की काही पिक्सेलची पांढरी रेघ उमटते. साधी सरासरी ती पुसट करते, पण मास्टरमध्ये ठेवतेच. मध्यक ती काढून टाकतो, मात्र नॉइज (पिक्सेलच्या किमतींतले यादृच्छिक चढउतार) सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त उरतो. क्लिपिंगने दोन्ही साधतं, फक्त फ्रेम भरपूर हव्यात, २० तरी घ्याच. नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १६ वरून ६४ वर गेलात तर निम्मा. आणि हो, मास्टर ३२-बिट फ्लोटमध्येच सेव्ह करा. १६-बिट पूर्णांकात दशांश गळतात. तापमान, गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग), एक्सपोजर लाइट फ्रेमचंच (आकाशाच्या प्रत्यक्ष फोटोंचंच) हवं, हे तर आलंच.