मदत हवी आहे: मांजर पिंजऱ्यात शिरतच नाही, शनिवारी ऑपरेशन!

अनु_ठाणे
तीन रात्री झाल्या. पिंजरा लावते, आत ट्यूना ठेवते, ही बया समोर बसून पंजे चाटते आणि चालती होते. आठांपैकी सातांची नसबंदी झाली, ही तिरंगी तेवढी राहिली. शनिवारी नऊची वेळ आहे, चुकली तर पुढची महिन्याभराने. सेक्रेटरी रोज विचारतात. पटकन उपाय सांगा. ‘नाद सोडा’ सोडून काहीही.

सुकट_बोंबील
पिंजरा कुठला, पाय पडला की दार पडतं तो की दोरी ओढायचा? कुठे लावता? दुसरं कोणी खायला घालतं का?

अनु_ठाणे
पाय पडला की दार पडतं तो. पार्किंगमध्ये, जिथे रोज खाते तिथेच. दुसरं कोणी नाही, मीच घालते. बाजूला तिची ताटली असतेच की.

सुकट_बोंबील
अहो ताई!! बाहेर ताटली भरलेली असताना ती आत कशाला मरायला जाईल? ताटली उचला. दार सुतळीने वर बांधून दोन दिवस जेवण आतच द्या, जाळीवर वर्तमानपत्र अंथरा. शुक्रवारी संध्याकाळी सुतळी सोडा. आमिष चमचाभरच, नाहीतर भरल्या पोटी भूल देणार नाहीत. दार पडलं की लगेच चादर टाका.
ट्यूना सोडा, सुकट भाजा. आमच्याकडे सुकटीला नाही म्हणणारं मांजर अजून जन्मलं नाही.

निवांत_काका
एवढा खटाटोप कशाला? पोत्यात घालून मासळी बाजारात सोडा, तिचंही भलं.

नियम_पाहा
काका, अनोळखी जागी मांजर तगत नाही, आणि इथली जागा मोकळी झाली की दुसरी येतात. शिवाय 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचा. 20वा नियम खायला घालण्याबद्दल

अनु_ठाणे
हे मी विचारलेलं नाही.

रंगीत_पेन्सिल
अवांतर: तिरंगी म्हणजे भाटीच असणार. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, तिरंगी बोका फार विरळा. फोटो टाका ना.

घरचा_वैद्य
ऑपरेशननंतर पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरांना विष आहे.

सुकट_बोंबील
कोण देतंय?
अनु, एक राहिलं. पोट कसं आहे? आचळं ओढल्यासारखी, भोवतीचे केस गेलेले?

अनु_ठाणे
हो. महिन्यापूर्वी एकदम बारीक झाली. पिल्लं दिसली नाहीत म्हणून लिहिलं नाही.

सुकट_बोंबील
हे पहिल्या ओळीत हवं होतं! पिल्लं कुठेतरी असणारच. दोन महिन्यांची होईपर्यंत थांबा.

नियम_पाहा
असहमत. अंगावर पाजतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांत पुढची वीण. डॉक्टरांना पाजती आहे हे आधी सांगा, त्याच संध्याकाळी सोडतील का विचारा.

सुकट_बोंबील
आणि दिवसभर पिल्लांना कोण बघणार, तुमचा 20वा नियम?

अनु_ठाणे
भांडू नका. पिल्लं सापडली, मीटरच्या खोलीमागे, तीन. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे थांबा, तेव्हाची वेळही दिली. शनिवारची फुकट जाऊ नये म्हणून शेजारच्या इमारतीतल्या बोक्यासाठी सुकट लावली. पाच मिनिटांत आत.
आता दिव्यात बघितलं. डाव्या कानाचं टोक, नसबंदी झाल्याची खूण, आधीच कापलेलं आहे.