मुतखड्याच्या सीटीत किरणांचा डोस कमी करूनही प्रतिमा स्पष्ट कशी ठेवावी?

प्रश्न (सीटी तंत्रज्ञ, भुसावळ)
उन्हाळा लागला की रावेर-यावलकडे केळीच्या बागांत राबणारे तरुण कळ येऊन आमच्याकडे येतात, आणि काहींचा मुतखड्यासाठी वर्षभरात दुसऱ्यांदा सीटी होतो. आमच्या यंत्रावर सर्वांना १२० केव्ही (एक्स-रे नळीचा व्होल्टेज) आणि एकच ठरावीक एमएएस (नळीतील विद्युतप्रवाह गुणिले वेळ) लावलेला असून डीएलपी (पूर्ण स्कॅनमधील एकूण किरणांचा आकडा) ७०० च्या आसपास येतो. एमएएस निम्मा केला, तेव्हा प्रतिमा दाणेदार आल्याचे रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. काय करावे?

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट, धुळे)
पोटासाठी डीएलपीला ०.०१५ ने गुणले असता आपला डोस सुमारे १०.५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचे एकक) होतो. खड्यासाठी तो ३ च्या आसपास आणता येतो. डोस निम्मा केल्याने नॉइज (प्रतिमेतील दाणेदारपणा) दुप्पट होत नाही, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. आणि भोवतालच्या ऊती ३०-४० हाउन्सफील्डच्या (सीटीत घनता मोजण्याचे एकक) असताना खडा काहीशे युनिटचा असल्यामुळे तो त्या दाण्यांतूनही उठून दिसतो. यकृतातील गाठीच्या बाबतीत मात्र ही सूट घेऊ नये, कारण तेथे फरक फार थोडा असतो. आपले डॉक्टर १ मिलिमीटरच्या स्लाइस (शरीराच्या आडव्या कापांच्या प्रतिमा) पाहत असावेत, असे वाटते. त्याच डेटातून ३ मिलिमीटरच्या स्लाइस बनवून द्या. वाढलेला नॉइज तेवढ्यानेच भरून निघेल. बारीक खड्याची शंका आली तरच पातळ स्लाइस पाहाव्यात.

उत्तर २ (ज्येष्ठ तंत्रज्ञ, जळगाव)
ठरावीक एमएएस सोडून स्वयंचलित एमए नियंत्रण (रुग्णाच्या जाडीनुसार नळीतील विद्युतप्रवाह यंत्राने ठरवणे) सुरू करा, म्हणजे सडपातळ मुलाला जाड माणसाइतका डोस जाणार नाही. मात्र रुग्ण गॅन्ट्रीच्या (यंत्राच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यावर हवा. स्काउट (स्कॅनआधीची आखणीची प्रतिमा) घेताना एक्स-रे नळी खाली असेल आणि टेबलही खाली राहिले, तर रुग्ण प्रत्यक्षाहून मोठा दिसतो आणि यंत्र उगाच एमए वाढवते. ही चूक मी स्वतः कित्येक महिने करत होतो. स्कॅनही मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून सुरू करावा, छातीपासून नव्हे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. वजनदार रुग्णालाही हेच लावावे का?

उत्तर १
बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० च्या वर असल्यास कमी डोसमध्ये लहान खडे सुटण्याचा धोका वाढतो. तेथे नेहमीचाच प्रोटोकॉल ठेवा. दुसऱ्यांदा आलेल्या तरुणासाठी मात्र आधी सोनोग्राफीने भागेल का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून जरूर विचारा.