लिवाला जायचं, पण कसं? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

दादा: नमस्कार मंडळी. जानेवारीत तुम्ही सगळे आमच्याकडे शारजाला येताय, तर दोन रात्री लिवाला वाळूत तंबू टाकून राहू या असं आमच्या दोघांच्या मनात आहे. इथल्या ओळखीतली तीन-चार मराठी घरं आपापल्या गाड्या घेऊन येतायत. ज्याला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहा, मग ठरवू.

मामा: मी तयार!

मी: मी पण 🙋‍♀️

मावशी: लिवा कुठे आलं रे? आणि तंबू म्हणजे ते रिसॉर्टवाले पक्के तंबू ना?

दादा: नाही मावशी, आपण स्वतः ठोकायचे तंबू. लिवा अबुधाबीच्या नैर्ऋत्येला आहे, घरापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर. तिथपर्यंत उत्तम डांबरी रस्ता. खजुराच्या बागांचा लांब पट्टा आहे आणि त्याला लागूनच रुब अल खालीचं वाळवंट सुरू होतं. साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र दोनदा मावेल. सौदी, ओमान, येमेन आणि यूएई अशा चार देशांत पसरलंय. आपण फक्त त्याच्या कडेला असणार.

मामा: कडेला का? एवढं लांब जायचं तर आत जाऊ या. मी तिथल्या मोरीबच्या उंच वाळूच्या टेकडीचे व्हिडिओ बघितलेत, काय गाड्या चढवतात लोक! जैसलमेरला सममध्ये आम्ही जीपने फिरलो होतो, मला वाळू नवीन नाही. आणि चार-पाच घरांची गर्दी कशाला? तुझी पजेरो आणि भाड्याने एक गाडी घेऊ, घरचे घरचे जाऊ. एक गाडी मी चालवतो.

मामी: अहो, आधी त्याचं ऐकून तर घ्या.

दादा: मामा, सविस्तर लिहितो, कारण याच मुद्द्यांवर सगळा बेत अवलंबून आहे.

भाड्याची गाडी वाळूत नेता येत नाही. बहुतेक करारांत तसं लिहिलेलंच असतं, आणि काही झालं तर विमा हात वर करतो. माझ्या पॉलिसीत वाळूतलं ड्रायव्हिंग धरलंय की नाही ते मी स्वतः वाचून खात्री केली, मगच गाडी आत घातली.

दोन गाड्यांनी मी जाणार नाही. एक रुतली की दुसरी तिला ओढते, पण ओढताना दुसरी रुतली तर? वाळूत हे नेहमी होतं. म्हणून कमीत कमी तीन गाड्या, आणि नवखी माणसं बरोबर असतील तर पाच बऱ्या. सगळ्यात पुढे रस्ता काढणारी गाडी, तिला इथे सगळे लीड म्हणतात. सगळ्यात मागे तितकाच जाणता माणूस, तो स्वीप. मधल्या प्रत्येकाने आरशात मागची गाडी बघत राहायचं. ती दिसेनाशी झाली की आपण थांबायचं. मग आपल्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो आणि आपोआप सगळा ताफा उभा राहतो. वॉकीटॉकी प्रत्येक गाडीत असतोच, पण आरसा कधी बंद पडत नाही.

मोरीबची टेकडी सुमारे ३०० मीटर उंच आहे असं म्हणतात आणि चढ फार खडा. व्हिडिओत दिसतात त्या शर्यतीसाठी खास इंजिनं बसवलेल्या गाड्या असतात. आपण खाली उभं राहून बघायचं.

मामा: बरं. पण मी चालवायची की नाही?

दादा: त्यावर येतोच मामा.

मावशी: मला एक सांग, बाथरूमचं काय? मी स्पष्टच विचारते. गुडघ्यांमुळे मला खाली बसवत नाही.

वहिनी: मावशी, बरं झालं विचारलंत. आमच्याकडे फक्त त्यासाठीचा वेगळा उभा तंबू आहे, आत माणूस आरामात उभा राहतो. त्यात घडीची कमोडची खुर्ची ठेवायची. खाली जाड पिशवी आणि वर टाकायला भुसा, त्यामुळे वासही येत नाही. पिशवी बांधून परत आणायची, तिथे पुरायची नाही. रात्री तंबूपासून तिथपर्यंत आम्ही छोटे दिवे लावतो. पहिल्यांदा माझ्या आईला घेऊन गेलो तेव्हा हे सगळं जमवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी बरोबर नेतो. बायकांनी पाणीच प्यायचं नाही म्हणजे जावं लागत नाही, असं मी कुणालाही करू देत नाही. वाळवंटात तहान मारून बसणं फार वाईट.

मावशी: जीव भांड्यात पडला गं. आता पुढचं वाचते.

मी: दादा, टायरमधली हवा काढतात म्हणे. का?

दादा: रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास हवा असते. वाळूत शिरण्याआधी ती १५पर्यंत खाली आणायची. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर विभागतं आणि चाक वाळू कापत खाली जाण्याऐवजी वरून चालतं. फार अडकलो तर १२पर्यंत. त्याच्याही खाली गेलो आणि जोरात वळलो की टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरावर येताना कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरल्याशिवाय निघायचं नाही. कमी हवेच्या टायरवर वेगाने गेलं की तो तापून फुटतो.

वहिनी: चिनू, तू विचारलंस, तर हे काम तुझंच. डांबर संपतं तिथे सगळ्या गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि चारी बाजूंनी हवा सुटल्याचा फुस्स आवाज सुरू होतो. वॉल्व्हची पिन दाबायची, दहापर्यंत मोजायचं, गेज लावून बघायचं, पुन्हा दाबायचं. एका गाडीला दहा-पंधरा मिनिटं जातात. घाई करणाऱ्याचा एक टायर २०वर राहतो आणि मग पहिल्याच चढावर सगळ्यांचा अर्धा तास त्याची वाळू उपसण्यात जातो.

काका: तुम्हा सगळ्यांचं वाचतोय. बेत छान आहे, पण माझा मणका तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेत. तुम्ही जा, मी शारजाला घरी थांबतो.

मावशी: मग मी पण नाही येत.

दादा: काका, तुम्ही नाहीत तर बेतच नाही. ऐका, मी याचा विचार आधीच केलाय. लिवाहून मोरीबपर्यंत पक्का रस्ता जातो, तोही वाळूच्या टेकड्यांमधून. तुम्ही, मावशी आणि मामी दुसऱ्या गाडीने त्या रस्त्याने यायचं. आम्ही वाळूतून फिरून येऊ. मुक्काम रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर टाकायचा, सपाट टणक जागा बघून, म्हणजे शेवटचं अंतर तुम्ही चालत याल. रात्री कुणाला बरं वाटलं नाही तरी पाच मिनिटांत डांबरावर. मी आत जायचं नाही म्हणतो त्याचं खरं कारण हे आहे. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होणार, त्याला झेपेल तेवढंच आत जायचं.

काका: हे चालेल. मनापासून बरं वाटलं.

काका: आता एक वाचलेलं सांगतो, विषयाला धरूनच आहे. रुब अल खाली ओलांडणारे पहिले युरोपीय म्हणजे बर्ट्राम थॉमस, १९३०-३१मध्ये. नंतर विल्फ्रेड थेसिजर १९४६पासून उंटावरून गेले. दोघंही बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, सोबतीनेच गेले. पाणी कातडी पखालींतून, विहीर कुठे आणि तिचं पाणी गोड की खारं हे फक्त त्या माणसांना ठाऊक. लिवाजवळ पोहोचल्यावर थेसिजर स्वतः गावात गेले नाहीत, परका माणूस ओळखू येऊ नये म्हणून बाहेर वाळूत थांबले आणि सोबत्यांना खाणं आणायला पाठवलं. एवढे धाडसी गृहस्थ, पण कुठे थांबायचं ते वाटाड्यांचं ऐकायचे. तेव्हा मामासाहेब, लीड म्हणेल ते ऐकू या.

मामा: मान्य आहे हो. पण एखादा लहानसा चढ तरी चालवू द्या.

दादा: मामा, लिवाच्या आधीच्या शुक्रवारी आपण म्लेहाच्या बाजूला दिवसभर सराव करू. शारजाला शुक्रवारपासून सुट्टी असते आणि ते घरापासून तासाभरावर आहे. तिथे फॉसिल रॉक म्हणून डोंगर आहे, त्याच्या खडकात समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. आधी माझ्या शेजारी बसा आणि टेकडी वाचायला शिका. चालवण्याचं तिथल्या तिथे बघू. तुमचा इथे चालणारा परवाना आणि विमा दोन्ही नीट असेल तरच, नाहीतर नाही.

टेकडी वाचणं म्हणजे असं. वारा येतो ती बाजू उतरती आणि टणक असते, चढायचं तिकडून. पलीकडची बाजू खडी आणि भुसभुशीत, तिथून उतरायचं ते नाकासमोर सरळ. तिरकं उतरलं की गाडी आडवी होते. चढ पुरा झाला नाही तर मध्येच वळायचं नाही, आलो त्याच चाकोरीतून सरळ मागे यायचं. माथ्यावर पोहोचताना पाय उचलायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावतात तो यासाठीच, टेकडीआडून समोरच्याला आधी झेंडा दिसतो. आणि भर दुपारी शक्यतो थांबायचं. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात, सगळी वाळू एकसारखी दिसते आणि समोरचा कडा कळतच नाही.

मामा: हे घाटात चालवण्यापेक्षा फार वेगळं आहे रे. शेजारी बसतो आधी.

वहिनी: मामा, अजून एक सांगते, म्हणजे सगळ्यांना सबखा काय ते कळेल. मागच्या हिवाळ्यात आम्ही परतत होतो, तर एक कुटुंब एकटंच, एका गाडीने, टेकड्यांमधल्या सपाट पांढरट मैदानावर रुतलेलं दिसलं. वरून ती जमीन अंगणासारखी पक्की दिसते. खाली खारं पाणी आणि चिखल. मिठाचा थर फुटला आणि गाडी आसापर्यंत आत गेली. लहान मुलगी सावलीला गाडीच्या मागे बसली होती, त्यांच्याजवळ पाण्याची एकच बाटली उरली होती. आमचे पुरुष दोन तास फावड्याने खणत होते. कोरड्या वाळूत खणलं की मोकळं होतं, इथे खणलेल्या खड्ड्यात पाणी भरायचं. शेवटी दोन गाड्या जोडून ओढली. त्या माउलीने माझा हात धरला तो सोडेना. एकट्या गाडीने कुणी निघालं की मला तीच आठवते.

मामी: बाई गं.

दादा: ओढण्यावरून सांगतो. दोर ताणलेला असताना कुणीही जवळ उभं राहायचं नाही, फोटोलासुद्धा नाही. आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवायचा नाही. तो गोळा तुटला की गोळीसारखा उडतो, जगात माणसं गेली आहेत त्याने. गाडीला ओढण्यासाठी दिलेले हूकच वापरायचे. मुलांना त्या वेळी टेकडीवर लांब बसवतो.

मावशी: शेकोटी करणार ना? लाकडं तिथे मिळतात का?

दादा: लाकडं आपण विकत घेऊन जायची, मावशी. तिथलं काडीही तोडायचं नाही. म्लेहाच्या बाजूला वाळूत हिरवी झाडं दिसतील, ती घाफ. यूएईचा राष्ट्रीय वृक्ष, तोडायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. मुळं ३० मीटरपर्यंत खोल जातात.

मावशी: शमी? तिकडे वाळूत? अरे वा, मला बघायचीय.

मामा: राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. जोधपूरजवळ खेजडली गाव आहे, आम्ही गेलो होतो. १७३०मध्ये राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांना मिठी मारून मेले. तिथे उभं राहिलं की बोलवत नाही.

वहिनी: शेकोटी लोखंडी शेगडीतच, थेट वाळूवर नाही, आणि राख डब्यात भरून परत. कचऱ्याबद्दल मी फार कडक आहे, आधीच सांगते. दुबईच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत २००८पासून सुमारे ३०,००० मेलेले उंट तपासले, त्यांतल्या ३००हून अधिकांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे निघाले. काही गोळे कित्येक किलोंचे. पोट भरल्यासारखं वाटतं आणि उंट उपाशी मरतो. त्यामुळे चिप्सचं एक पाकीटही उडून गेलं तर मी मुलांना त्याच्यामागे पळवते.

मामी: एकदम बरोबर. मी सगळं डब्यांत आणते, पिशव्या नकोत. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. खिचडी तिथे कुकरमध्ये.

मी: विंचू असतात का? 😬

दादा: असतात, आणि शिंगवाला साप पण. थंडीत फारसे बाहेर नसतात. तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत, सकाळी झटकूनच घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही. जांभळ्या किरणांची टॉर्च मारली की विंचू हिरवा चमकतो, मुलांना लांबून दाखवतो.

मावशी: थंडी कितपत?

वहिनी: पहाटे १० अंशांच्या आसपास, कधी खाली. आणि दव एवढं पडतं की तंबू बाहेरून भिजतो. कानटोपी, पायमोजे, जाड शाल. स्लीपिंग बॅगा आणि काकांसाठी उंच खाट आमच्याकडे आहे.

दादा: मग असं धरतो: पाच गाड्या, शुक्रवारी म्लेहाला सराव, पुढच्या आठवड्यात दोन रात्री लिवा, काका-मावशी-मामी रस्त्याने. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, वर राखीव वेगळं. वाळूत पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून लिवाच्या पंपावर सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ. परत फिरायचं हे लीडने सांगितलं की त्यावर चर्चा नाही. कुणाचा विरोध?

काका: नाही.

मावशी: नाही. शमी दाखवायला विसरू नकोस.

मामा: नाही. पुण्याहून गेज किंवा दोर काही आणू का?

दादा: ते सगळं आहे, मामा. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या जास्तीच्या आणा, चिठ्ठीसकट. आणि काकांचा मणक्याचा रिपोर्ट आज-उद्या पाठवा, इथल्या डॉक्टरांना आधी दाखवून ठेवतो.