लेकीला शाळेतून काढून पावागड आणि कमाटीबाग: पटतं का?

मांजलपूरकर
लेकीला तिसरीतून काढलं त्याला वर्ष होत आलं. बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. आमचे वर्ग दोनच, बडोद्याजवळचा पावागड डोंगर आणि बडोद्यातली कमाटीबाग, जिथे म्युझियम आणि प्राणिसंग्रहालयही आहे. परवा माचीहून रोपवे न घेता पायऱ्यांनी चढलो. खाली काळा दगड, त्याला बारीक बारीक भोकं. वर कड्यापाशी दगड फिकट आणि घट्ट. लेकीने आपणहून विचारलं, "बाबा, डोंगर बदलला का?" खालचा बेसॉल्ट, वरचा रायोलाइट, दोन्ही लाव्हाचेच, आणि भोकं म्हणजे थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे, हे तिला तिथेच हात लावून कळलं. मुलांना चार भिंतींत कोंडणाऱ्या आईबापांनी जरा विचार करावा.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे. एकतीस वर्षं शिकवलं. पावागडला सहलीही नेल्या. एका सहलीत माझ्या वर्गातला एक मुलगा, वडील खडी फोडायच्या कामावर, दोन दगड उचलून एकमेकांवर आपटत म्हणाला, "बाई, हा फुटेल, हा नाही फुटणार. आवाज ऐका." मी भूगोल शिकवणारी, मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. बाकीची पोरं मग सबंध वाटभर दगड वाजवत चढली. तुमच्या लेकीला तुम्ही भेटलात, पण हा मुलगा तिला कुठे भेटणार? शाळेत तो शेजारच्या बाकावर बसतो.

आणि बडोद्यात राहून हे बोलता? सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग केला, १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. मुलं न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता!

मांजलपूरकर
महाराज स्वतः बारा वर्षांचे होईपर्यंत कवळाण्यात गुरं राखत होते, शाळा बघितली नव्हती. १८७५ साली दत्तक आले, मग इलियट साहेबांनी वाड्यावर शिकवलं. ते काय कमी शिकले? कमाटीबाग १८७९ची, आतलं म्युझियम १८९४चं, दोन्ही त्यांच्याच काळातली. देवमाशाचा तो सांगाडा बघायला कुठल्या इयत्तेत असावं लागत नाही. शिकायला शाळाच लागते असं त्यांनी मानलं असतं तर हे सगळं कशाला उभारलं?

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका
इलियट साहेबांनी त्यांना एकट्याला बसवलं नव्हतं. सोबतीला भाऊ आणि इतर मुलं घेऊन वर्गच भरवला होता. अर्धी गोष्ट सांगू नका.

वाघोडिया रोड
मला एकच विचारायचंय. सोमवारी दुपारी गणित कोण घेतं? डोंगरावरचे फोटो बाबांचे असतात. घरी कोण असतं?

मांजलपूरकर
बायकोने नोकरी सोडली. दोघांनी मिळून ठरवलं.

वाघोडिया रोड
वाटलंच. माझ्या जावेनेही "मिळून ठरवून" सोडली होती. मुलगा आता पुन्हा शाळेत आहे, तिला मात्र नोकरी मिळत नाही. माझे आईबाबा दोघंही कामावर जायचे. शाळा नसती तर मी दिवसभर कुलूपबंद घरात बसले असते. कमाटीबाग आम्हाला रविवारची, घरून डबा नेऊन. ज्याच्या घरी एक माणूस मोकळा आहे त्यानेच शाळेला नावं ठेवावीत.

कारेलीबाग
कायद्याचंही बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम १० आहे, ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही, हेही खरं. पुढे एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, शाळेत न जाता दहावी देता येते.

काळा घोडा
शाळेचं राहू द्या. प्राणिसंग्रहालयात नेऊन शिकवता काय? गेल्या महिन्यात मगरीच्या पिंजऱ्यापाशी उभा होतो. मगर तोंड उघडून पडलेली. एक बाप पोराला सांगतोय, "मेलीय वाटतं," आणि हलते का बघायला पाण्याची बाटली फेकतोय. अहो, अंगातली उष्णता कमी करायला ती तोंड उघडते! पोराने काय शिकलं? बाटली फेकायला शिकलं.

मांजलपूरकर
मी बाटली फेकत नाही.

काळा घोडा
तुम्हाला म्हटलं नाही. पण मगर बघायला पिंजरा कशाला? बागेतूनच विश्वामित्री वाहते. पुलावरून शांत उभं राहून बघा.

फतेहगंज
शांत उभं राहून? २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मगर होती. सासूबाई वरच्या मजल्यावर, औषधं खाली. रात्रभर बॅटरी मारून डोळे चमकतात का ते बघत होतो. तुम्हाला निसर्ग, आम्हाला जीव.

काळा घोडा
त्या रात्रीचं वाईट वाटतं, खरंच. पण मगर तुमच्या घरी आली की नदीच तुमच्या घरी आली? मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून २५-३० अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. काठ दगडांनी बांधून काढला, त्यावर भराव टाकला, तर ती जाणार कुठे?

फतेहगंज
काठ नाही बांधला तर पाणी आमच्याकडे येतं. ते कोण बघणार?

काळा घोडा
काठ बांधल्याने पाणी थांबत नाही, पुढच्या सोसायटीत शिरतं. पाण्याला पसरायला जे खोलगट भाग होते ते आपण बुजवले.

फतेहगंज
खोलगट भाग बुजवले हे मान्य, आमची सोसायटीही बहुतेक तशाच जागेवर आहे. पण घर विकून जाऊ कुठे? मगरीला माझा विरोध नाही. जिन्यावर नको, एवढंच.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका
हे जे चाललंय ना, ते तुमच्या लेकीने ऐकायला हवं. एकाच्या जिन्यावर मगर, दुसऱ्याला तिच्या अंड्यांची काळजी. घरी तिला एकच बाजू कळेल, तुमची.

मांजलपूरकर
मगरीची नाजूक बाजू मलाही माहीत नव्हती, कबूल. पण शाळेत तिला रोज पोटात दुखायचं. सकाळी मोजे घालताना रडायची. गृहपाठ राहिला म्हणून दोन तास वर्गाबाहेर उभी केली होती. तेव्हा कुणी तिला खडी फोडणाऱ्याच्या मुलाशेजारी बसवलं नव्हतं.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका
हे आधी का नाही लिहिलंत? मुलाला बाहेर उभं करणाऱ्या शिक्षकांशी मी आयुष्यभर भांडले. त्या शाळेतून काढलीत ते बरोबर. शाळेतूनच काढलीत ते चूक, हे मी म्हणत राहणार.

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतली आठ-नऊ पोरं घेऊन मी कमाटीबागेत असते. तिला पाठवा. तुम्ही जरा लांब उभे राहा.

मांजलपूरकर
आणतो. शाळेचा निर्णय बदलणार नाही.

वाघोडिया रोड
तिच्या आईला तेवढ्या वेळात झोपू द्या.