मदत हवी आहे: देवदार, रई की तोष? शनिवारच्या आत नाव पक्कं करायचंय

पाऊलवाट:
हिमाचलहून परत आलोय. शनिवारी आमच्या निसर्गमंडळात स्लाइड शो आहे आणि एका झाडावर गाडी अडलीय. झाड सरळसोट, उंच. सुया आखूड, टोकदार. त्याच्या फांदीचा तुकडा आणि खाली पडलेला एक लांबुळका, किंचित वाकडा शंकू सोबत आणलाय. खोडाच्या सालीचाही फोटो आहे. ॲप एकदा देवदार म्हणतं, एकदा स्प्रूस (म्हणजे रई), एकदा सिल्व्हर फर (म्हणजे तोष). इथे फोटो चढत नाहीयेत. कृपया नुसतं नाव सांगा, घाई आहे.

चकवा:
देवदारच. मनालीला हिडिंबा मंदिराभोवती सगळं रान त्याचंच आहे.

टिटवी:
हिमाचलात कुठे? किती उंचीवर? उतार उन्हाचा होता की सावलीचा? आधी जागा सांगा, निम्मी झाडं तिथेच बाद होतात.

वनपाल_निवृत्त:
चकवा, देवदाराच्या सुया आखूड उपफांद्यांवर झुपक्याने येतात, आणि शंकू पिंपासारखा, फांदीवर उभा असतो. पिकला की झाडावरच सुटतो, खवले गळून पडतात. अख्खा शंकू खाली मिळणं कठीण. मिळतो तो शेंड्याचा गुलाबासारखा तुकडा, पर्यटक तोच घेऊन येतात. वाकडा, लांबुळका शंकू देवदाराचा नाही.
पाऊलवाट, सुया एकेकट्या आहेत की जुडीत? एक सुई चिमटीत धरून फिरवा. गोल फिरते की चपटी लागते? शंकू मोजा, देठ आहे का तेही बघा.

अबोली:
राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तीर्थनकडच्या राष्ट्रीय उद्यानात गेला असाल तर हे आधी सांगायला हवं होतं. मंडळात नवी मुलं असतात, ती हेच शिकतात.

पाऊलवाट:
उद्यानात गेलोच नव्हतो. शोजाहून जलोरी जोतकडे (खिंडीकडे) जाताना गाडीरस्त्याच्या कडेला पडलेलं उचललं, झाडाचं काही तोडलं नाही. उंची २७०० मीटरच्या आसपास असावी. सुया एकेकट्या. शंकू वीतभर, देठ आहे, खवल्यांवर पांढरट डिंक, हाताला चिकटतो. आता तरी नाव सांगा.

टिटवी:
बघा, उंची कळली आणि चीड (चीर पाइन) बाद झाला. तो साधारण २००० मीटरच्या वर फारसा जात नाही. म्हणून मी जागा आधी विचारते.

वनपाल_निवृत्त:
चीड बाद झाला, बाकीचे चारही उरले. शोजाच्या त्या उतारांवर देवदार, कैल (ब्लू पाइन), रई आणि तोष एकमेकांत मिसळून उभे असतात. तोषाला थंड, ओलसर, उत्तरेकडचा उतार आवडतो, पण तेवढ्यावर नाव देता येत नाही. हातात सुई असताना उंचीवर विसंबायचं कशाला?

टिटवी:
काका, सुई हातात नसते तेव्हा? दरीपलीकडचं झाड ओळखायचं असेल तर उतार आणि उंचीच कामाला येतात. मी वर्षानुवर्षं तसंच ओळखत आलेय.

गारवा:
चिलगोजा आहे का बघा. किन्नौरमध्ये पाहिलाय, साल पोपडे सुटल्यासारखी, करडी-हिरवी. सुया तीन-तीनच्या जुडीत. त्याच्या बियांचा बाजारात भाव ऐकून थक्क व्हाल.

चकवा:
आमच्या सोसायटीत ‘ख्रिसमस ट्री’ आहे, तो यांतला कोणता?

अबोली:
यांतला नाही. तो बहुधा अरौकेरिया असेल, मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. आणि कोणी काशिदच्या किनाऱ्यावरचा सुरू काढायच्या आधीच सांगते: तो सूचिपर्णी नाहीच, फुलणारं झाड आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक डहाळ्या.

वनपाल_निवृत्त:
मूळ प्रश्नाकडे येऊ. वीतभर, देठाचा, डिंकाने माखलेला, वाकडा शंकू म्हणजे कैल. पण कैलाच्या सुया लांब, मऊ, लोंबणाऱ्या, पाच-पाचच्या जुडीत. तुमच्या फांदीवर एकेकट्या आहेत. म्हणजे फांदी एका झाडाची आणि शंकू दुसऱ्याचा.
आता फांदीचं. सुई चौकोनी, चिमटीत गोल फिरली आणि गळाल्यावर डहाळीवर बारीक खुंटी राहिली, तर रई. चपटी, खालून दोन पांढरट पट्टे, टोकाला खाच आणि गळाल्यावर गुळगुळीत गोल वण, तर तोष. तुम्ही ‘टोकदार’ म्हणालात, त्यामुळे माझा कल रईकडे आहे, पण खात्री करा.

पाऊलवाट:
सुई गोल फिरतेय. पिशवीत निम्म्या सुया गळाल्यात, डहाळीवरून बोट फिरवलं तर कानशीसारखी खरखर लागते.

वनपाल_निवृत्त:
रई. शंका नको. रईचे शंकू खाली लोंबतात आणि अख्खे पडतात, तोषाचे वर उभे, कोवळेपणी जांभळे, देवदारासारखे झाडावरच सुटतात. तुमच्या फोटोंमध्ये शेंड्याकडे लोंबते शंकू दिसतात का बघा.

टिटवी:
आणि फांद्यांची टोकं माळांसारखी खाली लोंबत असतील तर दुरूनही रईच. काकांशी इथे मी सहमत.

पाऊलवाट:
दिसतात! शेंड्याला लोंबतायत. मग फांदीखाली रई आणि शंकूखाली कैल लिहितो. सालीच्या फोटोखाली काय लिहू?

वनपाल_निवृत्त:
साल कोणत्या झाडाची, फांदीच्या की शंकूच्या?

पाऊलवाट:
ते लक्षात नाही. लहान चौकोनी खवल्यांसारखी दिसते.

वनपाल_निवृत्त:
रईची तशी असते. पण जुन्या कैलाची सालही लहान तुकड्यांत तडकते. एकट्या सालीवर नाव लावू नका. तो फोटो काढून टाका आणि त्या जागी शेंड्याचा घाला.