किरकोळ अपघातानंतर इलेक्ट्रिक गाडी सात आठवडे दुरुस्तीविना

प्रश्न: सोलापूरच्या सात रस्ता चौकात रिक्षा घासून माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा बंपर आणि उजवा हेडलॅम्प फुटला. विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने नुकसानीची पाहणी करून सात आठवडे झाले, तरी गाडी वर्कशॉपमध्ये धूळ खात उभी आहे आणि ‘पार्ट यायचा आहे’ एवढेच उत्तर मिळते. काय करावे?

उत्तर १: पार्टच्या ऑर्डरची तारीख लेखी मागा. विलंब वर्कशॉपचा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. विम्याची मंजुरी अडली असेल, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि महिनाभरात उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जा.

उत्तर २: गाडी इतके दिवस उभी आहे, तर तिची १२ व्होल्टची लहान बॅटरीही तपासायला सांगा. ती उतरली, की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही; मला हा मनस्ताप झाला आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्याच लेखी अर्ज देऊन पोच घेतो.